खांदे बसवणारे ढगे सर

ढगे सर कॅज्युअल्टीत यायचे तेव्हा आधी त्यांचा आवाज यायचा, मग ते.

"कोनं चोळला बे हा हात?"

समोरचा माणूस कळवळत असो, त्याची आई पदराने डोळे पुसत असो, सरांचा पहिला प्रश्न हाच. त्याला कारणही तसंच होतं. आमच्या भागात हात निखळला की माणूस आधी घरी तेल चोळून घेतो. शेजारीण बिब्बा घालायला सांगते. मग गावच्या हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या कामट्या बांधून घेतात. एवढं सगळं झाल्यावरही दुखलं, तर सरकारी दवाखाना आहेच. तो कुठे पळून चालला!

मी तिथे नर्स होते. अर्धी नोकरी मी कॅज्युअल्टीत काढली आणि त्यातला बराच काळ ढगे सरांची बोलणी खाल्ली. ट्रे उजवीकडे ठेवला तर "डावीकडे काऊन नाही?", आणि डावीकडे ठेवला तर "तुमाले कोनं शिकवलं?" पहिल्या वर्षी मी दोनदा रडले. नंतर मीही तोंड उघडायला शिकले. एकदा म्हटलं, "सर, तुमच्या हाताला देवानं गुण दिला, पण तोंड कुठल्या बाजारातून आणलं?" ते इतके हसले, की डब्यातल्या भाकरीचा तुकडा घशात अडकला. मीच पाठीवर थापट्या मारल्या.

उंच, किडकिडीत माणूस. चष्म्याची एक काडी कायम प्लास्टरच्या पट्टीने चिकटवलेली. नवा चष्मा घ्या म्हटलं तर म्हणायचे, "मोडलेलं जोडता येते तवर फेकायचं नाही." हाडांचे डॉक्टर, तेही चांगले शिकलेले. शहरात स्वतःचं हॉस्पिटल काढलं असतं तर आज गाड्या असत्या दारात. पण लोणारला पहिली नेमणूक झाली, मग आमच्याकडे बदली, आणि पुढे जिल्हा काही सुटला नाही. तोंडाने शिव्या चालू असताना त्यांची बोटं मात्र आधीच रुग्णाच्या मनगटावर नाडी शोधत असायची. मग दंडाच्या वरच्या बाजूला कातडीवर बोट फिरवून विचारायचे, "इथं लागते का? अन इथं?" तिथे बधिर असेल तर नस दाबली गेलेली असते. ते झालं की फोटो, म्हणजे एक्स-रे. फोटोत कुठे मोड नाही हे पाहिल्याशिवाय कितीही ओळखीचा माणूस असो, सांध्याला हात नाही.

एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक धिप्पाड गडी आला. वाजंत्रीला बैल बुजला, दोर मनगटाला गुंडाळलेला, बैलाने हिसडा दिला आणि खांदा गेला. सोबत चांगले तालमीतले तीन भाऊ.

"आम्ही धरतो सर, तुमी वढा."

"वढायले बैलगाडी हाय का बे? चला, बाहेर व्हा सगळे!"

भावांना बाहेर काढून सरांनी मला दुखण्याचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. ते लागू झाल्यावर गड्याला पाठीवर निजवलं, त्याचं कोपर काटकोनात धरलं आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून निवांत बसले. आवाज एकदम बदलला. बैलाचं नाव काय, झूल कोणी शिवली, पुरणपोळी बैलाने खाल्ली की तूच खाल्ली. बोलता बोलता त्याचा हात कणाकणाने बाहेरच्या बाजूला वळवत होते. दुखलं की थांबायचे, पण गप्पा थांबवायच्या नाहीत.

"झूल बायकोनं शिवली? रंगीत? मंग पोळ्याले तिले काय देलं तू?"

गडी लाजला. "काहीच नाही जी."

"मंग बैलानं बरोबर केलं!"

तो हसला आणि खांदा आत गेला. आवाजसुद्धा झाला नाही. पुन्हा नाडी, पुन्हा दंडावरची कातडी, पुन्हा फोटो आणि हात झोळीत. गडी मला हळूच विचारतो, "ताई, डॉक्टर साहेब बसवनार कधी?"

मी नंतर सरांना म्हटलं, "जोर तर दिसलाच नाही कुठे."

"जोर नाही लागत. दंडाचं मांस भिऊन आवळलेलं असते. त्याची भीती जायची वाट पाहायची." मग थांबून म्हणाले, "माणसाले दम नसते सिस्टर. ओढतात अन हाड मोडतात."

हे सांगणाऱ्या माणसाला सांध्यांच्या बाबतीत एवढा दम होता आणि माणसांच्या बाबतीत काडीचा नव्हता. मला हे तेव्हाही खटकायचं.

पण मन वाईट नव्हतं हो. बायकांच्या मनगटाला मार लागला की सूज चढायच्या आत बांगड्या काढाव्या लागतात, नाहीतर काच रुतते. आता आमच्याकडे सवाष्ण बाई हात मोडलेला चालवून घेईल, बांगडी फोडू देणार नाही. सर एरवी दोन वाक्यांत माणसाला रडवायचे, पण इथे तोंडातून "फोडा" असा शब्द कधी काढला नाही. "माय, या हाताच्या वाढवू, अन लगेच त्या हातात नव्या भरू" असं म्हणायचे. त्यासाठी बाजारातून हिरव्या बांगड्या आणून ठेवलेल्या असत, लहान-मोठ्या मापाच्या, प्लास्टरच्या डब्यांशेजारी. आधी मी चांगल्या हातात दोन बांगड्या चढवायच्या, मग त्यांनी दुखऱ्या हाताच्या कापायच्या. हा त्यांचा नियम होता. साखरखेर्ड्याची एक म्हातारी तर त्यांना म्हणाली, "बापा, माहेरच्यावानी बांगड्या भरल्या तुनं." सर दिवसभर खुशीत होते. त्या दिवशी ट्रे कुठेही ठेवला तरी चालला.

आणि त्या उमेदवाराची गोष्ट! पंचायतीच्या निवडणुकीत भाषण करताना मोठ्ठा आ केला आणि जबडाच निखळला. तोंड मिटेना, लाळ गळते, मागे वीस-पंचवीस कार्यकर्ते. सरांनी अंगठ्यांना कापड गुंडाळलं, त्याच्या दाढांवर दाबून जबडा खाली आणि मागे सरकवला, झालं. वर म्हणाले, "आता आठवडाभर भाषण नाही. समोरच्या पार्टीले पेढे वाटायले सांगा." कार्यकर्तेच आधी हसले.

आता आबांचं सांगते. ते सांगितल्याशिवाय ढगे सर पुरे होत नाहीत.

सरांचे वडील किसनआबा स्वतः हाडवैद्य होते. वडनेर भोलजीच्या पुढे त्यांचं खेडं. तिथे मोठा भाऊ शेती बघायचा, आबा त्याच्याजवळ राहायचे. सकाळी आंघोळ करून आबा ओट्यावर बसले की अंगणात लोक जमायचे. पैसा घ्यायचा नाही, रुग्णाच्या घरचा चहासुद्धा प्यायचा नाही, असा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. आबा मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगायचे, "मी बिना फोटोचं बांधतो, माह्यं पोरगं फोटो काढून बांधते. काम एकच."

हे कानावर आलं की सरांचा पारा चढायचा. "एकच कसं? काम एकच कसं?" मला विचारायचे, जणू मीच म्हटलं होतं. पण एकदा, फार मऊ मनात असताना, म्हणाले होते, "हाडांची गोडी मले आबांमुळंच लागली." आणि लगेच कुठलासा केसपेपर मागितला.

मग ती पोर आली. शाळकरी पोर, चिंचेवरून पडली होती. कोपराजवळ मोडलं होतं. घरच्यांनी आबांकडे नेलं, आबांनी कामट्या लावून बांधलं. आत सूज चढत गेली आणि बांधणं सैल झालं नाही. तिसऱ्या दिवशी बोटं गार पडून काळपट दिसायला लागली. पोरीला कोणी दवाखान्यात आणलं? आबांनीच. बोटं बघितल्याबरोबर त्यांनी कामट्या सोडल्या, गावातली जीप सांगितली आणि पोरीचा हात स्वतःच्या मांडीवर धरून आमच्या कॅज्युअल्टीत आले. धोतर, टोपी, घामाघूम.

सरांनी पोरीचा हात पाहिला. बोटं हलवायला सांगितली, नखं दाबून पाहिली, नाडी चाचपली. आधी सगळं काम केलं, हे मी शपथेवर सांगेन. हात आतून मोकळा करायला तातडीचं ऑपरेशन लागणार होतं. अकोल्याला फोन लावला, गाडी दिली, सोबत माणूस दिला. गाडी गेटबाहेर पडली आणि मग सर वळले.

कॅज्युअल्टी भरलेली होती. रुग्ण, नातेवाईक, आम्ही सगळे.

"आबा, या पोरीचा हात तुमी खाल्ला."

आबा उभे होते.

"आजपासून कोनाच्या अंगाले हात लावायचा नाही. अन या दारात पाय ठेवायचा नाही. मी बोलावल्याशिवाय तं नाहीच नाही."

आबा म्हणाले, "बरं."

एवढंच. टोपी नीट केली आणि निघाले. बाहेर बाकावर थोडा वेळ बसले असावेत, कारण मी पाणी घेऊन गेले तेव्हा तिथेच होते. पाणी प्यायले नाहीत.

सर चूक बोलले का? पोरीचा हात वाचला, पण बोटं शेवटपर्यंत आखडलेलीच राहिली. तिच्या आईसमोर मी आबांची बाजू घेऊ शकणार नाही. पण बाप आपल्या पायांनी चूक घेऊन आला होता. ती घेऊन येणाऱ्याला दारात उभं करून बोलायचं नसतं. दुसरा कोणी हाडवैद्य असता तर पोर घरीच ठेवली असती आणि हात पूर्ण गेला असता. हे मी सरांना त्याच दिवशी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुमचं काम करा."

आबांनी मात्र शब्द पाळला. त्या दिवसापासून कोणालाही हात लावला नाही. लोक लांबून यायचे, अंगणात बसायचे, हातापाया पडायचे. आबा म्हणायचे, "माह्या लेकाकडं जा." असे कितीतरी रुग्ण आमच्याकडे आले. "आबांनी धाडलं" म्हणाले की सर मान खाली घालून नाडी बघायचे. गावी जाणं त्यांनी सोडलंच होतं. आबांची रक्तदाबाची गोळी भावाच्या हाती धाडायचे, स्वतः नाही जायचे. लाज वाटत होती आणि ती मान्य करायची नव्हती, दुसरं काय!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला मात्र जावंच लागलं. आई वारल्यापासून तिच्या नावाची घागर भरायची असते. सर गेले. पूजेला सगळे बसले आणि सरांनी पाहिलं, आबा घागरीला डाव्या हाताने कुंकू लावत होते. पितरांच्या कामात डावा हात? असलं आबांच्या हातून मेल्यावरसुद्धा झालं नसतं.

"आबा, उजवा हात?"

"उठत नाही."

सरांनी सदऱ्यावरूनच खांदा चाचपला. वरचं हाड टोकदार झालेलं आणि त्याच्या खाली खळगा. होळीच्या सुमाराला आबा गोठ्यात घसरून पडले होते. खांदा निखळला होता आणि तेव्हापासून ते तसेच, हात उपरण्यात अडकवून वावरत होते. भावाने दुसऱ्या वैद्याला बोलवायचं म्हटलं. आबा म्हणाले, "कोनाच्या अंगाले हात लावायचा नाही म्हनलं त्यानं, मंग माह्या अंगाले तरी कोनं काऊन लावावं?" भाऊ म्हणाला, मग त्याला फोन करतो. "त्यानं बोलावलं नाही मले," आबा म्हणाले, आणि फोन करू दिला नाही. शपथ घातली. आमच्याकडे म्हाताऱ्याची शपथ मोडायची कोणाची छाती होत नाही. भाऊ गप्प बसला, वहिनी गप्प बसली. अशी मूर्ख माणसं असतात का, असं तुम्हाला वाटेल. असतात. माझ्या माहेरीही आहेत.

दुसऱ्या दिवशी सर आबांना घेऊन आले. गाडीतून उतरून सर भराभर आत शिरले, एक्स-रेवाल्याला हाका मारल्या, मागे वळून पाहिलं तर आबा नाहीत. मी दाराकडे बघितलं. आबा उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. लोक त्यांच्या बाजूने आत-बाहेर करत होते आणि ते भिंतीला लागून उभे.

"आबा, चला ना," मी म्हटलं.

"त्याले म्हनू द्या बाई."

सर दारापर्यंत आले. ज्या माणसाच्या आवाजाने वॉर्ड हलायचा, त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "आबा, या ना आत." आबांनी उंबरा ओलांडला. मी तिथून निघून गेले, मला ते बघवेना.

फोटो आला. सर तो दिव्यासमोर धरून उभे राहिले, खूप वेळ. हाड जागा सोडून भलतीकडे रुतून बसलं होतं. ताजा खांदा असता तर स्टुलावर बसून चार गप्पांत काम झालं असतं. एवढे दिवस गेल्यावर सगळं आतून चिकटतं. म्हाताऱ्या माणसाचं हाड ठिसूळ, शेजारून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते. ओढायला जावं तर हाड मोडेल नाहीतर ती फाटेल. सरांनी अकोल्याला दाखवलं, नागपूरला फोटो पाठवले. ऑपरेशन करता येईल म्हणाले, पण आबांचं हृदय अशक्त, भूल झेपेल याची कोणी खात्री देईना. आणि आबा ऑपरेशन म्हटलं की तोंड फिरवायचे.

"कापाकापी नोको. तू ओढ. मले सोसते."

"नाही ओढता येत आबा. फाटीन आत."

"दुनियेचे खांदे बसवतं तू. माहा काऊन नाही बसवत?"

सरांनी फोटो पुन्हा दिव्यासमोर धरला.

"राग काढून राह्यला माह्यावर. काढ."

हे भर कॅज्युअल्टीत. त्याच जागी. लोकांनी ऐकलं, गावात पोचलं, आणि गाव काय म्हणणार? पोराने बापाचा हात मुद्दाम तसाच ठेवला. सरांनी एकदा समजावून सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायला त्यांचा आवाज उरला नाही. मला म्हणाले, "सिस्टर, मी बोलावलं नसतं तरी चाललं असतं. नुसतं 'येऊ नका' म्हनलं नसतं तं ते आले असते. होळीलेच आले असते."

खरंच होतं ते.

त्यानंतर सरांचा "कोनं चोळला बे?" हा दारातला प्रश्न बंद झाला. कामट्या बांधलेला हात आला की खाली मान घालून पट्ट्या कापायचे. कोणी बांधलं ते हळू विचारून घ्यायचे आणि रविवारी मोटरसायकल काढून त्या वैद्याच्या गावी जायचे. त्याच्या ओट्यावर बसायचे. "काका, बोटं गार पडली, मुंग्या आल्या, का बांधल्यावर दुखनं वाढलं, तं वाट पाहू नका, माह्याकडं धाडा. मी बोलनार नाही काही." काकांनी चहा दिला तर प्यायचे. वैद्य लोक धाडायलाही लागले. दोन-तीन लेकरांचे हात त्यामुळे वाचलेले मी डोळ्यांनी पाहिले. मी कौतुक केलं तर सर म्हणाले, "हे ज्याच्याशी पहिल्यांदा बोलायचं होतं, त्याच्याशी बोललो नाही मी."

पुढच्या थंडीत आबा अंथरुणाला खिळले. एका रविवारी सरांनी मला विचारलं, "येता का गावी? सलाईन लावायची आहे. माह्यानं शीर सापडत नाही त्यांची." हाडांच्या डॉक्टरला बापाची शीर सापडेना. मी गेले.

आबा खाटेवर, पार वाळलेले. मी डाव्या हाताला सुई लावली. सर बाहेर भावाशी बोलत होते, असं मला वाटलं. आबांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, त्याले म्हना, माहा राग गेला. आता मी मरूनच राह्यलो, फाटलं तं फाटलं. एकडाव ओढ म्हना."

मी वर पाहिलं तर सर दारात उभे. त्यांनी ऐकलं होतं. ते आत आले, खाटेजवळ जमिनीवर बसले आणि आबांचा उजवा हात हातात घेतला. कोपर अगदी त्या पोळ्याच्या गड्याचं धरलं होतं तसंच धरलं. मला वाटलं, आता हे खरंच ओढतात की काय!

"आबा," सर म्हणाले, "पहिला खांदा तुमी कोनाचा बसवला?"

आबांनी डोळे मिटले. मग बोलायला लागले. कुठल्या तरी कोतवालाचा. विहिरीच्या काठावरून पडला होता, आबांचे वडील गावाला गेले होते, आबांना मिसरूड फुटलेलं नव्हतं. भीती किती वाटली, कोतवालाने शिव्या किती दिल्या, खांदा बसल्यावर त्याने कसं गळ्याशी धरलं. बंदी घातल्यापासून आबांनी या कामाचा विषय काढलेला नव्हता, वहिनी नंतर म्हणाली. सर ऐकत होते, "मंग?" "मंग काय केलं?" विचारत होते. हात नुसता धरलेला होता. तो एक केसभरही कुठे सरकला नाही, मी डोळे लावून बसले होते.

आबांचं सांगून झालं. सर म्हणाले, "बसला, आबा."

आबांनी सुई लावलेला डावा हात हळूच उचलला. मी अडवायला गेले, पण ते ऐकेनात. बोटं उजव्या खांद्यावर आली, टोकदार हाडावरून खाली उतरली, खळग्यात गेली आणि तिथे थांबली. जन्मभर लोकांचे खांदे चाचपलेली बोटं ती. त्यांना कोणी काय फसवणार?

"हाव," आबा म्हणाले. "बसला."

सरांनी त्यांच्या हातावर कपाळ टेकवलं.

"आता जाय तू," आबा म्हणाले. "दवाखान्यात लोकं वाट पाहून राह्यले असतीन."

सर उठले नाहीत. सलाईन संपल्यावर मी सुई काढली, वहिनीने भाकरीचा आग्रह केला, तो मोडून मी एकटीच एसटीने परत निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हाही ते तसेच जमिनीवर बसलेले होते, बापाचा हात दोन्ही हातांत धरून.